निळं ऑर्किड पांढरं का झालं?

आमच्या शेजारच्या मावशींनी दोन वर्षांपूर्वी पणजीतल्या एका झाडांच्या प्रदर्शनातून निळं ऑर्किड आणलं. जांभळाकडे झुकणारं, निळसर वगैरे नव्हे. शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखं, लांबूनच डोळ्यांत भरणारं निळं. किंमत 1800 रुपये. आम्ही म्हार्दोळची माणसं, जाईच्या गावची. इथे फुलांचा भाव लहान पोरालाही तोंडपाठ असतो, त्यामुळे एका कुंडीला एवढे पैसे गेल्याचं कळल्यावर काका दोन दिवस धुसफुसत होते. मावशींनी मात्र कुंडी सोप्यावर मांडली आणि चवथीला घरी आलेल्या प्रत्येकाला आधी ऑर्किड दाखवलं, मग गणपती.

फुलं अडीच महिने टिकली, मग एकेक करून गळली. पुढच्या फेब्रुवारीत नवा दांडा आला, कळ्या धरल्या आणि एके सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "हें धवें कशें जालें गो?"

जाऊन बघते तर फुलं पांढरीशुभ्र. मावशींना वाटलं, खत चुकलं. मग त्यांनी हळूच कबूल केलं की कळ्या फिक्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी पाण्यात कपड्यांची नीळ कालवून आठवडाभर कुंडीत घातली होती. मुळं खरंच निळी झाली होती. फुलांनी दाद दिली नव्हती.

मी जुना, वाळलेला दांडा उचलून पाहिला. खालच्या पेराजवळ टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक होतं आणि त्यावर मेणासारख्या कशाचा तरी टिपका. सगळी गोष्ट तिथेच होती. ते झाड मुळात पांढऱ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस, ऑर्किडचाच एक प्रकार. दांड्यावर कळ्या आल्या की दांड्याला भोक पाडून त्यातून निळ्या रंगाचं द्रावण आत सोडतात, झाड ते रसाबरोबर वर ओढून घेतं आणि कळ्या निळ्या होऊन उमलतात. शाळेत पांढऱ्या फुलाची दांडी लाल शाईच्या पाण्यात ठेवायचो, तोच प्रयोग. फक्त इथे फूल झाडावर असतं. रंग त्या एका दांड्यापुरता. झाडाला त्याचं काही देणंघेणं नाही, पुढचा दांडा ते आपल्या मूळ रंगाचाच काढतं. विकणारा खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. फुलं निळी होती. पुढची कुठल्या रंगाची येतील हे मावशींनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

पण मग खरा निळा का येत नाही? बाहेरून घालून येत नसेल तर झाड आतून का बनवत नाही? हे समजायला स्वयंपाकघरात गेलेलं बरं.

पाकळ्यांमधला लाल, गुलाबी, जांभळा, निळा हा सगळा पट्टा बहुतेक वेळा एकाच घराण्यातल्या रंगद्रव्यांचा असतो. घराण्याचं नाव अँथोसायनिन. प्रत्येक रेणूत अणूंची काही कडी असतात आणि त्यांतल्या एका कड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचे छोटे हात फुटलेले असतात. एक हात असेल तर रंग नारिंगी-लाल. स्ट्रॉबेरीत मुख्यतः हाच. दोन हात असतील तर लाल ते किरमिजी. आपल्या सोलांचा, म्हणजे आमसुलांचा रंग हा. आणि तीन हात असतील तर रंग जांभळ्या-निळ्याकडे सरकतो. गोकर्णात आहे तो या गटातला. या तिघांची नावं अनुक्रमे पेलार्गोनिडिन, सायनिडिन आणि डेल्फिनिडिन. नावं विसरलात तरी चालेल, हात लक्षात ठेवा.

तिसरा हात आपोआप फुटत नाही. तो जोडायला झाडाकडे एक खास एन्झाइम लागतं, म्हणजे ठरावीक काम करणारा कारागीर, आणि तो कारागीर कसा घडवायचा याची कृती झाडाच्या जनुकांत असावी लागते. गुलाबाकडे ती नाही. शेवंतीकडे नाही. दुकानात मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या फॅलेनॉप्सिसमध्येही हे काम जवळजवळ होतच नाही. म्हणून गुलाब पिवळा, लाल, पांढरा, गुलाबी अशा शेकडो छटांत मिळतो, निळा मिळत नाही. मावशींची नीळ असो की दुसरं काही, मुळांना बाहेरचा रंग पाजून हा कारागीर तयार होत नाही.

पांढऱ्या फुलाची गंमत वेगळीच. तिथे पांढरा असा रंग नसतोच. पाकळीच्या पेशींच्या मधल्या जागेत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांवरून प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. गळून पडलेली पांढरी पाकळी बोटांत चुरडून बघा. पोकळ्यांतली हवा निघून जाते आणि पाकळी ओल्या कागदासारखी पारदर्शक होते.

आता दुसरा प्रयोग. गोकर्णाची पाच-सहा निळी फुलं कपभर उकळत्या पाण्यात टाका. दोन मिनिटांत पाणी गडद निळं होईल. त्यात लिंबू पिळा, एकेक थेंब. आधी जांभळं होतं, मग गुलाबी. रंगद्रव्य तेच, बदलला फक्त आंबटपणा. पाकळीच्या प्रत्येक पेशीत रसाची एक पिशवी असते, रंग त्या पिशवीत विरघळलेला असतो आणि बहुतेक फुलांत हा रस आंबटच असतो. म्हणजे झाडाकडे तीन हातांचा रंग असूनही फूल जांभळं राहू शकतं.

जपानमध्ये सनटोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलातलं जनुक गुलाबात घालून 2009 साली जगातला पहिला 'निळा गुलाब' बाजारात आणला, तेव्हा नेमकं हेच दिसलं. गुलाबात डेल्फिनिडिन तयार झालं, पण फोटो नीट बघितलात तर तो गुलाब फिका जांभळाच आहे. आपल्या वांग्याच्या फुलाच्या रंगाचा म्हणा. कागदावर विज्ञान जिंकलं, पण आमच्या मावशी त्याला निळा म्हणणार नाहीत.

खऱ्या निळ्याला आणखी मदतनीस लागतात. गोकर्णाच्या रंगद्रव्याला बाजूने इतर रेणूंच्या शेपट्या जोडलेल्या असतात; त्या रंगाच्या कड्यांवर पांघरुणासारख्या बसतात आणि निळा टिकवतात. याहून सुंदर उदाहरण आपल्या पोरसात पावसाळ्यात उगवतं. केना. तण म्हणून आपण उपटून टाकतो तेच. त्याच्याच कुळातला एक भाऊ जपानमध्ये उगवतो, लख्ख निळ्या पाकळ्यांचा. त्याच्या निळ्याची बांधणी रसायनशास्त्रज्ञांनी उलगडली आहे: सहा रंगाचे रेणू, सहा साथीदार रेणू, आणि मध्ये मॅग्नेशियमचे दोन अणू, असा एक गुच्छ. एवढा फौजफाटा जमला की कुठे निळा दिसतो. याच वनस्पतीचं तिसरा हात जोडणारं जनुक फॅलेनॉप्सिसमध्ये घालून चिबा विद्यापीठातल्या संशोधकांनी मागच्या दशकात निळसर फुलांचं झाड तयार केलं. लाखमोलाच्या फुलासाठी जनुक उसनं घेतलं ते केन्याच्या भावाकडून, हे कळल्यापासून केना उपटताना माझा हात जरा थबकतो.

ऑर्किडांच्या सगळ्या कुळात निळा नाहीच असं मात्र नाही. जगात ऑर्किडच्या सुमारे 28 हजार जाती आहेत. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात सगळं सापडतं. ऑस्ट्रेलियात थेलिमिट्रा नावाची जमिनीवर वाढणारी ऑर्किडं आहेत, ती आकाशासारखी निळी असतात. कुंडीत ती फार रुसतात. आणि आपल्या देशात आहे व्हँडा सेरुलिया, मेघालयातल्या खासी टेकड्यांमधली. फिक्या निळ्या-जांभळ्या पाकळ्या, त्यांवर गडद रेषांची जाळी.

या फुलापायी माणसं किती वेडी झाली त्याचा एक हिशेब शिल्लक आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर 1850 मध्ये खासी टेकड्यांत फिरत होता. लंडनच्या क्यू बागेसाठी त्याने सात हमालांच्या डोक्यावर मावेल एवढा व्हँडा सेरुलिया गोळा केला, आणि त्यातली फार थोडी झाडं जिवंत पोचली, असं त्यानेच लिहून ठेवलंय. जागा पाहून यायला एका गृहस्थाने आपला माळी त्याच्यासोबत धाडला होता. त्या गृहस्थाचा एकाच हमालाचा भारा इंग्लंडमध्ये 300 पौंडांना गेला, एकेक झाड 3 ते 10 पौंडांना. तेही बऱ्यापैकी मरगळलेल्या अवस्थेत. पुढे कितीतरी वर्षं ही लूट चालली. आज ही व्हँडा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या संरक्षित वनस्पतींमध्ये आहे; रानातून उचलणं गुन्हा आहे.

नर्सरीत 'ब्लू व्हँडा' म्हणून मिळते ती बहुधा हिची संकरित लेक किंवा नात. सगळ्यांत जुनी प्रसिद्ध लेक म्हणजे व्हँडा रॉथ्सचाइल्डियाना, 1931 साली नोंदलेली. आई खासीची, बाप फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावरचा. आईकडून निळी जाळी आली, बापाकडून मोठं भरलेलं फूल आणि उष्ण हवा सोसायची ताकद. गोव्यात कुणी निळ्यासाठी हट्टच धरला तर मी या संकरितांकडे बोट दाखवते. मूळ सेरुलियाला डोंगरावरच्या थंड रात्री लागतात, ती आमच्या मे महिन्यात कुढते.

आता फसण्याच्या बाकी जागा. 'काळं ऑर्किड' म्हणतात ते गडद मरून असतं; टॉर्चचा उजेड पाकळीच्या मागून टाका, लाल दिसेल. फोटोतला रंग हा तर मोबाईलवाल्याच्या मर्जीचा विषय. झाड घेताना दिवसाच्या उजेडात, जमलं तर फुलावर असताना घ्यावं. आणि ऑनलाइन मिळणारी 'इंद्रधनुषी ऑर्किडच्या बिया, 50 नग' अशी पाकिटं. यांच्याबद्दल मला जरा तावातावाने बोलायचंय.

ऑर्किडचं बी मोजता येत नाही. एका शेंगेत लाखो बिया असू शकतात आणि त्या धुळीसारख्या असतात, फुंकर मारली की गेल्या. भाताच्या दाण्यात जसा पिष्टाचा साठा असतो तसा या बीत काहीच नसतो, रोपाला बाळपणी खायला घरात दाणा नाही. रानात ती एका बुरशीच्या आधाराने उगवते. बुरशी तिला भरवते. हे कोडं फ्रान्सच्या नोएल बर्नार्डने 1899 मध्ये सोडवलं. अमेरिकेत लुईस नडसनने 1922 मध्ये दाखवलं की बुरशीशिवायही, साखर आणि क्षार घातलेल्या अगारच्या जेलीवर निर्जंतुक बाटलीत बी रुजतं. त्यामुळे मिरीएवढ्या पन्नास 'ऑर्किडच्या बिया' पाकिटात आल्या तर त्या कशाच्याही असतील, ऑर्किडच्या नाहीत. माझ्या एका मैत्रिणीने पेरल्या होत्या. लाल माठ उगवला.

नडसननंतरचा मोठा टप्पा 1960 चा. फ्रान्सच्याच जॉर्ज मोरेलने वाढत्या कोंबाच्या टोकाचा अगदी बारीक तुकडा बाटलीत वाढवून एका ऑर्किडपासून हुबेहूब तशी असंख्य झाडं करता येतात हे दाखवलं. दुर्मीळ रंगाची किंमत का कोसळते, त्याचं उत्तर या बाटलीत आहे. आज हजारो रुपयांना विकली जाणारी एखादी छटा प्रयोगशाळेत शिरली की काही वर्षांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अडीचशेला दिसू शकते. घाई नसेल तर थांबावं, हा माझा सल्ला. घाई असेल तर काकांना सांगू नये.

तर, गोव्यात घरी ऑर्किड जगवायचं कसं?

पहिली चूक मातीची. आपल्याकडची घरात लावायची बहुतेक ऑर्किडं झाडांवर वाढणारी. बांडगूळ नव्हेत, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आंब्यावरचं खरं बांडगूळ फांदीत शिरून रस पितं. ऑर्किड फक्त फांदीवर बसतं. पावसाचं पाणी, हवेतला दमटपणा आणि सालीत कुजलेल्या पानांचा चुरा यांवर त्याचं भागतं. त्याची मुळं जाडसर, वरून पांढऱ्या स्पंजाच्या थराने मढवलेली. पाणी लागलं की हा थर काही क्षणांत हिरवा होतो, सुकला की पुन्हा चांदीसारखा पांढरा. ही मुळं मातीत पुरली की हवा न मिळून गुदमरतात आणि कुजतात.

म्हणून कुंडीत सोडणांचे, म्हणजे नारळाच्या सालांचे तुकडे, कोळसा, विटेचे खडे. गोव्यात सोडणांना तोटा नाही. फक्त ती आधी दोन-तीन दिवस भिजवून पाणी बदलत राहायचं, म्हणजे त्यातला करडा-तांबडा कस आणि क्षार निघून जातात. पावसाळ्यात सोडण फार ओल धरतं, त्यामुळे मी जूनच्या आधी कोळशाचं प्रमाण वाढवते. कोळसा मात्र लाकडाचा घ्यावा, शेगडीत जळून उरलेली राख नव्हे. व्हँडाला तर काहीच लागत नाही, लाकडी टोपलीत बसवून मुळं मोकळी हवेत लोंबू द्यायची.

पाणी कधी घालायचं याला वेळापत्रक नाही. मुळं बघा. पांढरी असतील तर घाला, हिरवी असतील तर थांबा. मार्च-एप्रिलमध्ये व्हँडाला दिवसातून दोनदाही पाणी लागतं. जुलैत आठवडाभर हात लावावा लागत नाही. सकाळी घालावं, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानांच्या बेचक्या कोरड्या होतात. फॅलेनॉप्सिसच्या गाभ्यात रात्रभर पाणी साचलं की तो कुजतो आणि मधलं पान ओढताच हातात येतं. त्या पानाला येणारा वास एकदा घेतला की आयुष्यभर लक्षात राहतो. रानात हे झाड खोडावर तिरकं लोंबतं, पाणी आपोआप ओघळून जातं. आपण ते कुंडीत सरळ उभं करतो, म्हणून पावसाळ्यात कुंडी थोडी कलती ठेवावी आणि छपराखाली घ्यावी. वरून धो-धो कोसळणारा आमचा पाऊस त्याला मानवत नाही.

उजेडाचं पानावरून कळतं. पान गर्द हिरवं, मऊ, लांबट होत असेल तर उजेड कमी आहे. झाड दिसायला टवटवीत असतं पण फुलत नाही. पोपटी-हिरवं पान बरं. पिवळट किंवा भाजल्यासारखे डाग म्हणजे ऊन जास्त. पूर्वेकडचा सोपा किंवा माडाखालची तुटक सावली फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियमला चालते. कुळागरवाल्यांचं नशीब जोरावर असतं: पोफळींची सावली, पाटाचं पाणी, सदाची ओल. झाडावर बांधायचं असेल तर आंबा, फणस, चाफा, माड हे चांगले. पेरूवर बांधू नये, त्याची साल सोलून पडते आणि तिच्यासोबत तुमचं ऑर्किडही.

खताबद्दल एवढंच की कमी घाला आणि पातळ घाला. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) अर्धा ग्रॅम लिटरभर पाण्यात, आठवड्यातून एकदा, तेही मुळं आधी ओली करून. खताने फुलांची संख्या वाढेल, रंग बदलणार नाही.

सुरुवात करणाऱ्याने डेंड्रोबियम घ्यावं. लग्नाच्या मंडपात जांभळी-पांढरी फुलं असतात ना, 'सोनिया' नावाची, ती इथल्या हवेला सरावलेली आहेत. दुसरं, पिवळ्या झग्यातल्या बायकांसारखं दिसणारं ऑन्सिडियम. फॅलेनॉप्सिस जगतं बरं, पण त्याला फुलायला रात्री थोडा गारवा लागतो. दिवसरात्र 28 अंशांवर ठेवलं तर ते पानंच काढत राहतं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उतरतात, तेव्हा त्याला दांडा धरायची बुद्धी होते. हौशीने ते एसीच्या खोलीत ठेवणारेही आहेत. तिथली कोरडी हवा त्याला सोसत नाही.

आणि रानातून आणू नका. मे-जूनमध्ये मोले, सत्तरीकडे गेलात तर रस्त्याकडेच्या झाडांवर गुलाबी-पांढऱ्या फुलांचे वेणीसारखे लोंबते घोस दिसतात. कुणी त्यांना सीतेची वेणी म्हणतं, कुणी द्रौपदीची. वर बघून फोटो काढावा. आमच्या आवाठातल्या, म्हणजे वाडीतल्या जुन्या आंब्यावर रास्ना आहे, तीही व्हँडाच, व्हँडा टेसेलाटा. पाकळ्या तपकिरी जाळीच्या, कुणी ढुंकून पाहणार नाही अशा, पण मधली जीभ निळसर जांभळी. मावशींना ती दुर्बिणीतून दाखवली. म्हणाल्या, "बारीक आसा."

त्यांचं पांढरं फॅलेनॉप्सिस अजून आहे. निळीने रंगलेली मुळं कापून, नव्या कोळशात बसवून दिलं. या जानेवारीत त्यांनी पुन्हा हाक मारली. पानाच्या बगलेतून काहीतरी हिरवं डोकावत होतं, तांदळाएवढं. दांडा की मूळ? टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असेल तर मूळ. टोकाला किंचित चपटेपणा आणि बंद मुठीसारखी घडी असेल तर फुलांचा दांडा. चष्मा लावून दोघींनी पाहिलं. मला घडी दिसली, मावशींना नाही. काका तिसरे पंच म्हणून आले, बराच वेळ वाकून बघितलं आणि विचारलं, "धवेंच येतलें मगो?"